‘लॉसलेस, आवाज एकसारखा’ म्हणून विकले जाणारे लाइट शोचे ऑडिओ संच: फसवणूक कुठे लपते आणि कशी पकडायची

संगीतावर चालणाऱ्या दिव्यांच्या शोसाठी तयार ऑडिओचे संच विकले जातात. जाहिरातीत तीन दावे हमखास असतात: ऑडिओ लॉसलेस (साठवताना काहीही न गाळलेला) आहे, सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा केलेला आहे आणि तो सिक्वेन्सशी (कोणता दिवा कधी लागायचा हे ठरवणाऱ्या फाइलीशी) तंतोतंत जुळतो. अशाच एका संचाची एकेक फाइल तपासली तेव्हा तिन्ही दावे खोटे निघाले. नमुना म्हणून दिलेला गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा मात्र निर्दोष होता. फसवणूक टिकते ती यामुळेच, कारण बिघाड गाण्याच्या शेवटी दिसतो आणि नमुना सुरुवातीचा मिळतो. खरेदीदार पूर्ण शो लावून बघेपर्यंत परताव्याची मुदत संपलेली असते.

पहिला दावा लॉसलेसचा. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ अशी चार मिनिटांची वेव्ह फाइल सुमारे 42 एमबी भरते, तर तेच गाणे 128 केबीपीएस (सेकंदाला 128 किलोबिट, हाच बिटरेट) एमपी3मध्ये जेमतेम 4 एमबी. एमपी3 उलगडून वेव्ह म्हणून साठवली की आकार 42 एमबी होतो, पण गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून आकार बघून विश्वास ठेवू नका. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये उघडा, ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती ते दाखवणारे चित्र) निवडा आणि वरची मर्यादा 22000 हर्ट्झ ठेवा. 128 केबीपीएसमधून आलेल्या फाइलीत साधारण 16 किलोहर्ट्झच्या वर सरळ रेषेत कापल्यासारखा काळोख दिसतो. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच कमी असतात, पण ते हळूहळू विरत जातात. वेगवेगळ्या काळातल्या सगळ्याच गाण्यांत एकाच ठिकाणी सरळ काप दिसला, तर शंकेला जागा उरत नाही.

खरे तर लॉसलेससाठी जास्त पैसे मोजण्याची गरजच क्वचित असते. आवाज एफएमवरून ऐकवायचा असेल तर स्टिरिओ एफएमची ध्वनिमर्यादा 15 किलोहर्ट्झच आहे, त्यापलीकडचे काही श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. मूळ स्रोतातून एकदाच केलेली, स्थिर बिटरेटची 192 किंवा 256 केबीपीएस एमपी3 अशा शोला पुरते. ‘स्थिर’ हा शब्द मात्र सोडू नका. बदलत्या बिटरेटच्या फाइलीत काही प्लेअर सरासरीवरून वेळेचा अंदाज बांधतात आणि मधूनच गाणे सुरू केले की दिवे एकीकडे, ताल दुसरीकडे अशी गत होते.

आता जुळणी. या संचातली काही गाणी मूळ गाण्यापेक्षा सुमारे एक टक्का जलद होती. व्हिडिओ संकेतस्थळांवरची आपोआप होणारी ओळख चुकवण्यासाठी काही जण गाण्याचा वेग किंचित वाढवून ते चढवतात. तिथून उतरवलेला ऑडिओ संचात आला की हा फरकही सोबत येतो. तीन मिनिटांच्या गाण्यात एक टक्का म्हणजे 1.8 सेकंद. पहिल्या ओळीला कानाला काही जाणवत नाही, शेवटच्या कडव्यात मात्र सगळे बिनसलेले असते.

दोष ओळखायचा तर सिक्वेन्समध्ये पहिल्या आणि शेवटच्या ठळक ठोक्यावर टायमिंग मार्क (वेळेची खूण) लावा आणि दोन्हीकडे ठोका व दिवे यांतला फरक मोजा. फरक दोन्हीकडे सारखाच असेल तर सुरुवातीला शांतता वाढली किंवा कापली गेली आहे. तो वाढत गेला असेल तर वेग किंवा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेल्या ध्वनिनमुन्यांची, म्हणजे सॅम्पलची संख्या) चुकला आहे. सारख्या फरकाचे एक नेहमीचे कारण एमपी3मध्येच आहे: एमपी3 बनवणाऱ्या लेम एन्कोडरचा 576 आणि ती उलगडणाऱ्या डीकोडरचा 529 सॅम्पलचा उशीर मिळून 44.1 किलोहर्ट्झला 25 मिलिसेकंद होतात. भरपाईची नोंद फाइलीच्या सुरुवातीला असते, पण सगळेच प्लेअर ती वाचत नाहीत. एमपी3 उघडून पुन्हा एमपी3 केली की आणखी 25 जमा होऊ शकतात. सेकंदाला 40 फ्रेमच्या सिक्वेन्समध्ये ही पूर्ण एका फ्रेमची भर.

तक्रार केली की विक्रेता म्हणतो, ‘तुमचे स्पीकर लांब आहेत.’ ध्वनीला 17 मीटरला सुमारे 50 मिलिसेकंद लागतात हे खरे, पण अंतराचा उशीर गाणे पुढे सरकताना वाढत नाही. या उत्तरावर गप्प बसू नका.

सर्वांत जास्त लबाडी आवाज एकसारखा करण्यात होते. स्वस्त मार्ग म्हणजे प्रत्येक गाण्याचे सर्वोच्च शिखर 0 डेसिबलला, म्हणजे डिजिटल फाइलीच्या कमाल पातळीला नेणे. शिखरे सारखी झाली तरी जुने गाणे उणे 20 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) आणि नवे उणे 8 वर राहते, म्हणजे 12 डेसिबलची तफावत तशीच. याहून वाईट प्रकार म्हणजे कमी आवाजाची गाणी ओढूनताणून वर आणणे. मग शिखरांचे माथे सपाट होतात, करकर येते आणि नंतर आवाज कितीही कमी केला तरी ती जात नाही. काही विक्रेते हे झाकण्यासाठी फाइल 3 डेसिबलने खाली आणतात, त्यामुळे क्लिपिंग (असे कापले गेलेले माथे) शोधणारे साधन काहीच दाखवत नाही. ऑडिओची लहर पडद्यावर मोठी करून पाहा: उणे 3 वर ओळीने सपाट माथे दिसले की प्रकार उघड.

सतत वर-खाली करणारा लेव्हलर लावलेला असेल तर शांत सुरुवात उगाच मोठी होते, ढोल आला की बाकीचे दबते. एक्सलाइट्स या सिक्वेन्स बनवायच्या प्रोग्राममध्ये व्हीयू मीटर इफेक्ट (आवाजानुसार वर-खाली होणाऱ्या पट्ट्या) वापरणाऱ्यांचे नुकसान दुप्पट, कारण अशा ऑडिओवर रेंडर केले की पट्ट्या बहुतेक वेळ वरच चिकटून राहतात.

योग्य पद्धत अशी. प्रत्येक गाण्याचे एलयूएफएस मोजा. सर्वांत कमी आवाजाचे गाणे, त्याचे खरे शिखर उणे 1 डीबीटीपीपुढे (डेसिबलमधले खऱ्या शिखराचे माप) न जाता, जिथवर येते, ते लक्ष्य धरा आणि बाकीची तिथे खाली आणा. उरलेला जोर अ‍ॅम्प्लिफायरने द्यायचा. एमपी3 हाताशी असेल तर एमपी3गेन हा प्रोग्राम 1.5 डेसिबलच्या पायऱ्यांत बदल करतो, पुन्हा एन्कोड करत नाही, वेळ हलत नाही आणि बदल मागेही घेता येतो. नुसत्या रिप्लेगेन टॅगवर (आवाज किती बदलायचा याची फाइलीतली नोंद) विसंबू नका, टॅग न वाचणाऱ्या प्लेअरवर काहीच बदलत नाही. एफएफएमपेग या प्रोग्रामचे लाउडनॉर्म (आवाज एकसारखा करणारा फिल्टर) वापरत असाल तर दोन फेऱ्यांत चालवा आणि सॅम्पल रेट 44100 असा स्पष्ट द्या, नाहीतर 192 किलोहर्ट्झची फाइल हाती येऊ शकते.

‘रुंद स्टिरिओ’ या नावाखालीही एक घोटाळा असतो: एका वाहिनीची फेज उलटी केलेली (लहर वरची खाली केलेली) असते. एकच स्पीकर किंवा मोनो रेडिओ असेल तर गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. फाइल मोनो करून अर्धा मिनिट ऐका.

पैसे देण्याआधी एका पूर्ण गाण्याची फाइल मागा, ते गाणे तुम्ही निवडा. सोबत सॅम्पलची नेमकी संख्या, सॅम्पल रेट, एलयूएफएस आणि ऑडिओ कुठून घेतला हे लेखी घ्या. प्रसिद्ध गाणी परवान्याशिवाय सिक्वेन्ससोबत देणारा विक्रेता मुळातच टाळा. प्रामाणिक विक्रेते सहसा फक्त सिक्वेन्स देतात आणि गाण्याची कोणती आवृत्ती, किती कालावधीची विकत घ्यायची ते सांगतात. संच आधीच घेतला असेल तर मूळ गाणे अधिकृत ठिकाणाहून घ्या, दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवून पहिला ठोका जुळवा, आवाज सारखा करा आणि एक उलटी करून वाजवा. सुरुवातीला जवळपास शांतता आणि पुढे गाणे परत ऐकू यायला लागले, तर वेग बदललेला आहे. त्याचा स्क्रीनशॉट परताव्याच्या अर्जाला जोडा.