पडताळणी झाली, पण कोणाची?

५ पैकी २ तारे.

डोंबिवली पूर्वेला माझं पाळणाघर आहे, एकोणीस वर्षं झाली. सध्या चौदा मुलं. जूनमध्ये एका कंपनीचा मुलगा जिना चढून आला. "काकू, हल्ली पालक विचारतातच," म्हणाला आणि पाळणाघरातल्या माणसांची, माणशी १,४९९ रुपयांची पडताळणी माझ्या गळ्यात मारून गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाहीये.

दोन तारे कशाचे, ते आधी. अहवाल आठ दिवसांत आला. मुलं सांभाळायला माझ्या मदतीला असणाऱ्या मावशींच्या कोपरच्या चाळीत माणूस खरंच जाऊन आला, शेजारणीशी बोलला. एवढं काम चोख.

पण अहवालात शेवटी 'जोखीम' म्हणून एक रकाना आहे, रंगांचा. शाळेतून मुलं आणणारे आमचे रिक्षावाले काका बिहारचे, भाड्याच्या खोलीत राहतात, लग्न झालेलं नाही. त्यांना पिवळा. आई दारात दिसल्याशिवाय सहा वर्षांत हा माणूस कधी रिक्षा हलवून गेलेला नाही. मावशींनाही पिवळा, कारण शिक्षण सातवी. आणि मला हिरवा! मालकीची खोली, नवरा, बी. ए., बास. मला तर कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

"हे ठरवलं कशावरून रे?" तर म्हणे, "काकू, सिस्टिममध्येच आहे."

केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने २००७ मध्ये अहवाल काढला होता, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून. त्याची प्रत माझ्या खणात आहे, पिवळी पडलीय आता. घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, नोंदलेल्या गुन्ह्यांच्या सरकारी आकड्यांत तर दहातले नऊहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे निघतात. म्हणजे ज्याला बघून मूल धावत जातं, तो. त्याच्यासाठी या कंपनीकडे रकानाच नाही.

बाई शिकलेली असली की सरसकट हिरवा, हेही मला पटलं नाही. अमेरिकेत सरकार दरवर्षी असे आकडे काढतं. तिथे मुलांना छळणाऱ्यांतले तीन-चतुर्थांशाहून जास्त जण आईबाप असतात आणि एकूण दोषींत बायका निम्म्याहून थोड्या जास्त. लगेच बायकांना नावं ठेवू नका. तिकडे हेळसांडही मोजतात, आणि ज्या बाईच्या पदरात मूल चोवीस तास, हेळसांड तिच्याच नावावर लागते. बाप त्या वेळी कुठे होता, ते तक्त्यात कुठे दिसतं?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मूल दर सोमवारी गप्प यायचं. डबा तसाच परत, खेळायला नको, नुसतं खिडकीपाशी. एका सोमवारी अंगावर दूध सांडलं म्हणून मावशी त्याचा शर्ट बदलत होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसतं दारात येऊन बघत राहिल्या. पाठीवर पट्ट्याचा वळ होता, टोकाला बकलाचा चौकोन. घर स्वतःचं, दोघंही नोकरीला, आमची फी न चुकता एक तारखेला. या कंपनीच्या हिशेबाने हिरवंगार कुटुंब.

मी १०९८ लावला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर. पहिल्यांदा आकडेच चुकले, बोटं ऐकत नव्हती. पुढचं इथे सांगण्यासारखं नाही, मूल आता बरं आहे एवढंच. त्या महिन्यात दोन पालकांनी आपली मुलं माझ्याकडून काढून नेली. "तुम्ही घरगुती गोष्टी बाहेर नेता," असं एकीने तोंडावर सांगितलं. नेते, काय करू?

तर घ्यायची का ही पडताळणी? नवीन माणूस ठेवत असाल आणि पत्ता खरा की खोटा एवढंच बघायचं असेल तर घ्या. रंगाच्या रकान्यावर मी कागद चिकटवून अहवाल दारामागे लावलाय, कारण मावशी रोज त्याच दारातून आत येतात. नूतनीकरणाचा फोन दोनदा आला, मी नको म्हटलं. तिघांचे ४,४९७ रुपये वाचले. त्यातून मुलांच्या झोपायच्या खोलीच्या दाराला काच बसवून घेतली, सुतारासकट ३,२०० ला. आता बाहेरून आतलं सगळं दिसतं, मी आत असले तरी.