दिवाळीची खरेदी: सगळ्यांनी मिळून दादर की क्रॉफर्ड मार्केट?

नवरात्र सरत आलं की मुंबईतल्या निम्म्या घरांत हा वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, क्रॉफर्ड मार्केटला जाऊ, सगळं होलसेलच्या भावात मिळतं. दुसरा म्हणतो, एवढ्या लांब कशाला, दादरला काय मिळत नाही? दोघांचंही खरं असतं, म्हणून तर वाद मिटत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: आजी-आजोबा आणि पोरं घेऊन निघणार असाल तर दादर. क्रॉफर्ड मार्केटला घरातल्या दोघांनीच जावं, आणि तेही दसऱ्याच्या आधी.

दसऱ्याच्या आधी, कारण तिकडे जायचं खरं निमित्त म्हणजे कापड, आणि कापड म्हटलं की शिंपी आला. दसरा झाला की बरेच शिंपी नवीन काम घेत नाहीत. मग क्रॉफर्डजवळच्या मंगळदास मार्केटातून हौसेने आणलेला ड्रेसपीस कपाटात पुढच्या संक्रांतीची वाट बघत बसतो.

मंगळदासची मजा मात्र दुसरीकडे नाही. छपराखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गाळे. ‘भाभी, देखने का पैसा नहीं’ म्हणेपर्यंत समोर चार तागे उलगडलेले असतात. तिथे भावाच्याही आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. पन्हा कमी असेल तर कापड जास्त घ्यावं लागतं, आणि मीटरमागे वाचलेले पैसे तिथेच जातात. सुती कापड आटणार हे धरून थोडं जास्तच फाडून घ्या. घासाघीस चालते, पण एका पीसवर फारशी नाही. पाच-सहा घेणार असाल तर दुकानदार स्वतःच खाली येतो.

हाच हिशोब तिथल्या बाकी खरेदीलाही लागू पडतो. लोहार चाळीत दिव्यांच्या माळांचे ढीग असतात. अख्ख्या सोसायटीच्या माळा आणायच्या असतील तर तिथेच जा. दुकानदार माळ बोर्डाला लावून दाखवतो. शेवटच्या दिव्यापर्यंत पेटलेली बघा आणि मगच पैसे द्या. बाल्कनीपुरत्या दोन माळांसाठी मात्र ही पायपीट करू नये. क्रॉफर्डच्या मंडईतल्या सुक्या मेव्याचंही तसंच: फराळाचं सामान दोन-तीन घरांनी मिळून आणलं तर परवडतं. चौघांचा प्रवास, टॅक्सी आणि समोरच्या बादशाहमधला फालुदा धरला तर एका घरापुरत्या खरेदीत वाचलेलं सगळं परतीच्या वाटेवरच संपतं.

आणि मुलांना तिथे न्यायचं कुठे? हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, ‘साइड, साइड’चा गजर, आणि बसायला एक धड जागा नाही. इमारत मात्र दाखवण्यासारखी आहे. ही मंडई 1869 साली पूर्ण झाली. आराखडा विल्यम इमर्सनचा, आणि दर्शनी भागावरची कोरीव शिल्पं लॉकवूड किपलिंगची, म्हणजे रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. आज तिचं अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. पण दिवाळीच्या गर्दीत पोराला मान वर करून शिल्पं बघ म्हणणं म्हणजे हातगाडीला आमंत्रण.

दादरला गर्दी कमी असते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दिवाळीआधीच्या रविवारी रानडे रोडवर आपण चालत नसतो, गर्दी आपल्याला नेते. तरीही आजीला घेऊन जायला मला दादरच बरं वाटतं, कारण दिवाळीचं म्हणून जे जे लागतं ते एकाच चक्करमध्ये होतं: पणत्या, रांगोळी, उटणं, बत्तासे, लक्ष्मीपूजनाची केरसुणी. नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली चिरडायचं कारीटसुद्धा फुटपाथवर वाट्याने मांडलेलं असतं. ते ऑनलाइन मागवणाऱ्यांना माझा दंडवत. साड्यांच्या मोठ्या दुकानांत भाव ठरलेले, त्यामुळे घासाघीस येत नसलेल्यांची झोप उडत नाही. फुटपाथवर मात्र पहिला भाव मान्य करायचा नाही, हे सांगायला नकोच.

कंदिलाला वेळ ठेवा. कागदी कंदील उजेडाकडे धरून बघा, डिंकाचे डाग लगेच दिसतात. आणि लोकलने जाणार असाल तर घडीचाच घ्या. हाताने बनवलेले हवे असतील तर थोडं पुढे माहीमची कंदील गल्ली गाठा. छबिलदास गल्लीत आयडियलमधून दिवाळी अंक घ्यायचे आणि तिथल्याच श्रीकृष्णचा बटाटावडा उभ्याने खायचा, हा बऱ्याच घरांचा ठरलेला कार्यक्रम. आजोबांना उभं राहवत नसेल तर त्यांना शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसवता येतं किंवा प्रकाशमध्ये पियुष पाजता येतं. क्रॉफर्डला अशी सोय नाही, आणि माझ्या लेखी तराजू इथेच दादरकडे झुकतो.

मॉलचं काय? तयार कपडे, एसी आणि स्वच्छतागृह एवढंच हवं असेल तर खुशाल जा. पण कारीट तिथे मिळणार नाही.

पूर्वी दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करणं म्हणजे वेडेपणा होता. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि दादर व क्रॉफर्डजवळचं सीएसएमटी एकाच मार्गावर आले. उत्साही मंडळींनी सकाळी मंगळदास उरकून दुपारी दादर गाठायला हरकत नाही, फक्त पोरं आणि आजी थेट दादरला येऊ देत. मंगळदास एरवी रविवारी बंद असतं आणि दादरची बरीच दुकानं सोमवारी. ऐन दिवाळीत हे नियम सैल होतात, तरी निघण्याआधी फोन करून विचारा. रविवारी लोकलने जाणार असाल तर मेगाब्लॉकही बघून घ्या. दादरला आडवारी दुपारी बारा ते चार ही वेळ त्यातल्या त्यात बरी. त्यानंतर ऑफिसं सुटतात.

आणखी एक. घरातले काही मध्य रेल्वेने आणि काही पश्चिम रेल्वेने येणार असतील तर फलाटाच्या नंबरवर भेटायचं ठरवू नका. डिसेंबर 2023 पासून दादरला मध्य रेल्वेचे फलाट 8 ते 14 झालेत, आणि आजोबांच्या डोक्यात अजून जुनेच आकडे असतात. सरळ प्लाझा सिनेमासमोर भेटा.