पंधरा दिवसांचा शिक्का

मी डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र चालवते. सकाळी दोनशे पोळ्या, संध्याकाळी दीडशे. हे आधीच सांगते, कारण ‘वाचायला वेळ कुठंय’ म्हणणाऱ्यांत पंचवीस वर्षं माझा पहिला नंबर होता. घरात पुस्तकं नव्हती असं नाही. प्रदर्शनातून आणलेली, आहेरात आलेली चाळीसेक पुस्तकं शोकेसमध्ये कपबश्यांच्या शेजारी उभी आहेत. त्यातली पाच वाचली असतील. आपलीच ती, पळून कुठे जाणार?

आमच्या मागच्या गल्लीतल्या वाचनालयाची मी सभासद झाले ती सासूबाईंसाठी. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्म्याचा नंबर महिन्याने देऊ असं डॉक्टरांनी सांगितलं. टीव्ही बघून डोळ्यांतून पाणी येई, आणि दिवसभर नुसतं बसून राहायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. म्हटलं, मी वाचून दाखवते. अनामत पाचशे, महिन्याला साठ रुपये, त्यात एक पुस्तक आणि एक मासिक. मुदत पंधरा दिवस, पुढे रोज एक रुपया दंड.

हा दंड म्हणजेच या वाचनालयाची खरी सेवा, असं माझं मत झालंय. रुपया काही मोठा नाही, पण देवघेवीच्या खिडकीशी उभं राहून ‘अजून वाचून झालं नाही’ म्हणायची लाज वाटते. तीनशे पानांचं पुस्तक, पंधरा दिवस, म्हणजे रोज वीस पानं. दुपारी अडीचला ओटा पुसून झाला की साडेतीनपर्यंत माझा तास. पूर्वी तो तास मोबाइलमध्ये जायचा आणि उठताना डोकं जड असायचं. पहिला महिनाभर पाच पानांवर गाडी अडे, हात आपोआप फोनकडे जाई. फोन पिठाच्या डब्यावर ठेवायला लागले, म्हणजे घ्यायचा तर उठायला हवं. तीनेक महिन्यांनी वीस पानं कधी संपली ते कळेनासं झालं. रात्री अंथरुणावर पडून उद्याच्या भाजीचा हिशेब करत तास तास जागी असायची, तेही कमी झालंय. गोष्टीतली माणसं डोक्यात असली की कोबी-फ्लॉवरला जागा उरत नाही.

सासूबाईंना चष्मा लागून दीड वर्ष झालं, पण वाचून दाखवणं सुटलं नाही. त्या कोकणातल्या. एका कादंबरीत ‘वळचण’ आलं आणि सातवीतल्या माझ्या मुलाने विचारलं, ते काय असतं? सासूबाईंनी किराण्याच्या बिलामागे घर काढलं, कौलं काढली, भिंतीच्या बाहेर आलेला छपराचा भाग गिरवून दाखवला आणि म्हणाल्या, ‘‘पावसात आमची मांजर इथे बसायची. तिला हाकललं की आई मला ओरडायची.’’ इतक्या वर्षांत हे मांजर मला माहीत नव्हतं.

आता वाचनालयाबद्दल. शासनमान्य, सरकारी श्रेणीत ‘ब’ वर्ग. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, त्याच्यापुढे हे लहान पोर. पण मुक्तद्वार आहे, कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. मी आधी मागचं पान उघडून तारखांची चिठ्ठी बघते. शिक्क्यांनी भरलेली असेल तर पुस्तक चांगलंच, पण मुद्दाम उलटंही करते. एका परिक्रमेच्या पुस्तकावर शेवटचा शिक्का २००९ सालचा होता. नेलं, आणि दोन वर्षांत वाचलेलं सगळ्यात आवडतं तेच ठरलं. कुणीतरी आधीचे वाचक पेन्सिलने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून ठेवतात, तेही पुस्तकागणिक भेटतात. ग्रंथपाल ताई हसून म्हणतात, ‘‘ते आजोबा आहेत, त्यांना आम्ही खोडरबर देतो, पेन नाही.’’ मी स्वतः एक पुस्तक हळदीचं बोट लावून परत केलं होतं. ताईंनी दंड घेतला नाही, वर्तमानपत्राचं कव्हर कसं घालायचं ते शिकवलं.

तक्रारी आहेत. वेळ सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ८, म्हणजे माझ्या दोन्ही गर्दीच्या वेळा. मी पाचच्या ठोक्याला जाते आणि कधी कधी पाच वीसला कुलूप उघडतं. जिना अरुंद, वर लिफ्ट नाही, त्यामुळे ज्यांच्यासाठी मी सभासद झाले त्या अजून एकदाही तिथे गेल्या नाहीत. नव्या पुस्तकांची वाट बघावी लागते. एकदा तर परत केलेल्या पुस्तकाचा दंड लावला होता. मी सरळ कपाटाशी गेले आणि पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. नोंद राहून गेली होती. दंड मागे घेतला, चहाही पाजला, पण तेव्हापासून परतीचा शिक्का मी डोळ्यांसमोर मारून घेते.

दिवाळी अंकांची योजना मात्र जरूर घ्या. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेला हा नाद आपल्याला अजून सुटत नाही, आणि सगळे अंक विकत घ्यायचे म्हटलं तर फराळाचं बजेट कोलमडेल. इथे वेगळी वर्गणी भरली की संक्रांतीपर्यंत अंक बदलून मिळतात. आमच्याकडे पोळ्या लाटायला येणारी मुलगी राशिभविष्यापासून सुरू झाली, यंदा कथेपर्यंत पोचलीय. तिचं वेगळं कार्ड काढलंय.

पाचपैकी चार. एक गुण जिन्याचा कापला. आज तेरावा दिवस, बावन्न पानं राहिलीत, आणि उद्या एका बारशाची दीडशे पुरणपोळ्यांची ऑर्डर आहे.