अलाउयूझर्स की अलाउग्रुप्स?

लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत) कोणी यायचं, हे ओपनएसएसएच या तिच्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन प्रकारे ठरवता येतं: अलाउयूझर्समध्ये एकेकाचं नाव लिहा, नाहीतर अलाउग्रुप्समध्ये ग्रुपचं.

तीन-चार माणसांच्या सर्व्हरला नावांची यादी पुरते. फाइल उघडली की सगळं समोर. शिवाय नावाला ॲट चिन्हाने आयपी पत्ता जोडता येतो; बॅकअपचं खातं मग ठरलेल्या मशीनवरूनच आत येतं. अलाउग्रुप्सला ही सोय नाही, तिथे वेगळा मॅच ब्लॉक (ठरावीक अटीलाच लागू होणारा फाइलचा भाग) लिहावा लागतो.

पण माणसं वाढली की यादी डोक्याला ताप होते. नवा माणूस आला, फाइल बदला, तपासा, सेवा रीलोड करा. आणि हे प्रत्येक सर्व्हरवर. ग्रुप असेल तर यूझरमॉड या कमांडने त्यात नाव घातलं की पुढच्या लॉगिनपासून लागू, फाइलला हातही लावायचा नाही. (यूझरमॉडला नुसता कॅपिटल जी हा पर्याय देऊ नका, आधी स्मॉल ए हवाच. नाहीतर त्या माणसाचे बाकीचे जोडग्रुप उडतात, ॲडमिनचे हक्क देणाऱ्या सुडोसकट.) एलडॅप (सगळ्या सर्व्हरांसाठी खाती आणि ग्रुप एकाच जागी ठेवणारी यादी) असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही: ग्रुप.

दोन्ही ओळी एकदम लिहिल्या तर माणसाला दोन्हींत बसावं लागतं. 'यात किंवा त्यात' असं चालत नाही. आणि नाव कुठूनही काढा, आधीच आत बसलेल्याचं सेशन चालूच राहतं. ते वेगळं मारावं लागतं.