ई-२० पेट्रोल, कार्ब्युरेटरची जुनी गाडी आणि झाकणाखालचं भोक : एका पावसाळ्यानंतर

भर पावसात गाडी सुरू होते, अर्धा किलोमीटर जाते आणि आचके देत बंद पडते. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल (अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यामुळे गॅरेजमध्ये निदान ठरलेलं: "ई-२० मुळे होतंय साहेब, ही बाटली टाका." बाटली तीनशे-साडेतीनशेची. तिच्यात गंज रोखणारी रसायनं असतात, टाकीच्या पत्र्याला ती उपयोगी पडतीलही. पण टाकीत शिरलेलं पाणी बाटलीने बाहेर निघत नाही, आणि हा आजार बहुतेक वेळा पाण्याचाच असतो.

हे सगळं बीएस-४ (एप्रिल २०२० आधीचा प्रदूषण-निकष) आणि त्याआधीच्या, कार्ब्युरेटरवाल्या (हवा-पेट्रोल मिसळणारा साधा भाग असलेल्या) १००-१५० सीसी दुचाक्यांपुरतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग ई-२० धरूनच बनवलेत, त्यांच्या मालकांनी जेटचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्राचा) भाग सोडला तरी चालेल. टाकीच्या झाकणाखालच्या, पाणी जाण्याच्या भोकाचा मात्र सोडू नका.

आधी अ‍ॅव्हरेज, कारण सगळे तेच विचारतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानाने ई-२० मध्ये जवळपास सात टक्के कमी. पण बहुतेक पंपांवर शुद्ध पेट्रोल मिळणं कधीच बंद झालंय. तुलना आधीच्या ई-१० शी (दहा टक्के इथेनॉल) करा, तर फरक साडेतीन टक्के उरतो. ५० देणारी गाडी ४८ च्या थोडी वर देईल. लिटरला १०४ रुपये धरले तर हजार किलोमीटरला ७५ रुपयांच्या आसपास फटका. सुरुवातीला हाच मुख्य तोटा वाटत होता, आता नाही. ज्यांचं अ‍ॅव्हरेज ५० वरून थेट ४० वर आलंय त्यांनी टायरची हवा, अडकलेला चोक आणि घासणारा ब्रेक बघावा. इंधनातली ऊर्जा एवढी कमी होतच नाही.

पैशाचा राग मात्र तसाच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की ऊर्जा कमी, तर किंमतही कमी असावी. आता सरकार सांगतं की इथेनॉलची खरेदीच महाग पडते. उसाच्या भागातल्या वाचकांना हा हिशेब गोड लागेल, दुचाकीवाल्याच्या खिशाला नाही.

धुराच्या बाबतीत तक्रार नाही. त्याच आराखड्यानुसार साध्या पेट्रोलच्या तुलनेत ई-२० वर दुचाकीचा कार्बन मोनॉक्साइड ५० टक्क्यांपर्यंत आणि चारचाकीचा ३० टक्क्यांपर्यंत घटतो, हायड्रोकार्बनही २० टक्के घटतात. अ‍ॅसिटाल्डिहाइड हा घातक घटक मात्र थोडा वाढतो. धूर घटण्याचं कारण सरळ आहे: इथेनॉलच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं) आणि ज्वलन पूर्ण होतं. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला काही कळत नाही. ई-१० ला एक भाग इंधनाला वजनाने १४.१ भाग हवा लागते, ई-२० ला १३.५, म्हणजे इंधन चारेक टक्के जास्त हवं. गाडी आधीच पातळ मिश्रणावर लावलेली असेल तर थंड इंजिन स्लोवर टिकत नाही आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

उपाय पाव आट्याचा आहे. मिक्स्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्याने मिश्रण घट्ट होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उलट, आत. आधी हलक्या हाताने पूर्ण बसवून आटे मोजा आणि लिहून ठेवा. इंजिन गरम असताना एका वेळी पाव आटा, मग थोडं थांबून आवाज ऐका. इंजिनाकडचा स्क्रू तीन आट्यांपलीकडे काढावा लागला तर स्लो जेट (इंजिन स्लोवर असताना पेट्रोल देणारं छिद्र) तुंबलाय किंवा लहान पडतोय. जेट कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका. जेटचं छिद्र मोठं झालं की तो जेट गेला. वेगात पेट्रोल देणारा मेन जेट सहसा बदलावा लागत नाही. लागलाच तर एक पायरी पुरते: १०० नंबरचा असेल तर १०२.५. नंतर पीयूसी करून घ्या, कारण मेकॅनिक अंदाजाने स्क्रू फिरवतो आणि इंधनाने कमी केलेला कार्बन मोनॉक्साइड तिथेच परत येतो.

आता भोक. टाकीच्या झाकणाभोवती खोलगट जागा असते. तिथे साचलेलं पाणी जावं म्हणून कडेला बारीक भोक असतं. त्यातून नळी टाकीच्या आतून खाली येते आणि रबरी पाइपने गाडीखाली बाहेर पडते. धूळ आणि मेण-पॉलिशने हे भोक बुजतं. मग पाणी झाकणाच्या चिरलेल्या रबरातून टाकीत उतरतं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप हेच काम ऊन असतानाही करतो.

पूर्वी हे पाणी तळाशी थेंबभर पडून राहायचं. ई-१० ने अर्धा टक्का पाणी पोटात घेतलं, ई-२० त्याहून जास्त घेतं, तोपर्यंत काहीच कळत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला ओढून घेऊन खाली बसतं. दहा लिटरच्या टाकीत दोन लिटर इथेनॉल असतं, त्यामुळे तळाचा थर लिटरभराचाही होतो, म्हणजे नेमका रिझर्व्हच्या उंचीचा. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न येऊ देण्याची ताकद) घसरतो. मेनवर चालणारी गाडी रिझर्व्हवर मरते ती यामुळे.

ओळखायचं कसं: फ्लोट बाऊलच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या, पाच मिनिटं ठेवा. मध्ये रेघ दिसली किंवा खालचा भाग गढूळ असला तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजं पेट्रोल ओतून ते विरघळेल या भरवशावर राहू नका.

भोक साफ करताना टाकीच्या तोंडात धागे न सुटणारं फडकं कोंबा. क्लच केबलची एक तार वरून हळूच घाला, रबरी पाइप खालून काढून वेगळा धुवा. मग चमचाभर पाणी भोकात सोडा. काही सेकंदांत खाली ठिबकलं पाहिजे. काही टाक्यांना दोन भोकं असतात, एक हवेचं. पाणी फक्त रबरी कड्याच्या बाहेरच्या भोकात. रबर कडक झालं असेल तर बदला, बाटलीपेक्षा स्वस्त पडतं.

पेट्रोल स्वच्छ करण्याचे आधीचे टप्पे असे नव्हते. शिसं २००० साली गेलं, एप्रिल २०२० ला गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य वाढलं. चालवणाऱ्याला झाकणाखाली वाकावं लागलं नाही. या वेळी वाकावं लागतं, आणि पंपावर तसं कुणी सांगत नाही.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरा, कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे बाऊल रिकामा होतो. पेट्रोलचा पाइप, बाऊलचं गॅस्केट आणि फ्लोट निडल (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) एकदाच बदलून घ्या; फुगलेली निडल नीट बसत नाही आणि ओव्हरफ्लो पाइपमधून पेट्रोल रात्रभर ठिबकत राहतं.