भूकंपमापकाचा डेटा आणायचा कसा: लोरा की ५.८ गिगाहर्ट्झ?

डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. तिथे यंत्रं ठेवू पाहणाऱ्या मुंबईच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, डेटा आणायला रेडिओ कुठला घेऊ: लोरा (कमी विजेवर थोडासाच डेटा दूर पाठवणारा) की समोरासमोर लावलेली ५.८ गिगाहर्ट्झच्या डिशची जोडी? खोक्यावर छापलेले पल्ल्याचे किलोमीटर बाजूला ठेवून बघू.

आधी डेटा. कंपनाच्या तीन दिशा, प्रत्येकीचे सेकंदाला १०० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिट: झाले ७,२०० बिट प्रतिसेकंद. लोरा १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यावर वेगात चालवला तर साधारण ५,५०० देतो, लांब पल्ल्याच्या सेटिंगला जेमतेम ३००. म्हणजे सलग तरंगनोंद त्यावरून येणारच नाही. धक्क्याची वेळ, कमाल कंपन, बॅटरीचा व्होल्टेज एवढंच येईल. ५.८ गिगाहर्ट्झच्या जोडीला हा डेटा किरकोळ आहे.

वीज मात्र उलटं गणित मांडते. डिश रेडिओ सतत ६ वॅट खात असेल तर दिवसाला १४४ वॅट-तास लागतात. जुलैत चार-चार दिवस ऊन नसतं, तेव्हा जाडजूड बॅटरी हवीच. लोरा बहुतेक वेळ झोपलेला असतो, त्याला छोटं पॅनेल पुरतं.

डिशला समोरची टेकडी स्वच्छ दिसायला हवी. २० किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे १६ मीटर मोकळीक लागते. मधली झाडं पावसात वाढली की सिग्नल ढासळतो. ८६५ मेगाहर्ट्झचा लोरा झाडोऱ्यातून बरा निघतो. परवाना दोन्हींना लागत नाही, फक्त शक्तीची मर्यादा पाळायची.

धक्क्याचं केंद्र अचूक काढायचं, पूर्ण तरंग लगेच हवा, तर डिशच घे. यंत्र जिवंत आहे का एवढंच कळायला हवं आणि यंत्रातलं मेमरी कार्ड महिन्याने काढून आणणं जमत असेल, तर लोरा पुरेसा आहे.