माका लावायचा, पण कोणता? पांढरा की पिवळा

पितृपक्ष जवळ आला की माका शोधणारे भेटतातच. कुणाला श्राद्धासाठी पानं हवी असतात, कुणाला तेलात घालायला. दोनदा शोधाशोध झाली की वाटतं, घरीच लावावा. मग प्रश्न येतो: पांढऱ्या फुलांचा की पिवळ्या?

माझं मत आधीच सांगते. श्राद्धासाठी आणि तेलासाठी पांढराच. पिवळा लावायचा तो फुलांसाठी, कुंडी बारा महिने हिरवी राहावी म्हणून.

पांढरा माका भाताच्या बांधावर, पाटाच्या कडेला, गळक्या नळाखाली सापडतो. पानं समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच, हात फिरवला की खरखरीत लागतात. फूल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. सूर्यफुलाच्याच कुळातलं असल्यामुळे ते एक फूल नसून असंख्य बारीक फुलांचा गुच्छ असतो: कडेला दोऱ्यासारखी पांढरी झालर आणि मधला भागही पांढुरकाच. तरी शंका राहिली तर खोड चुरडा आणि थोडं थांबा. रस काळपट होत जातो, बोटांवर डाग राहतो. पूर्वी गोंदणाला काळा रंग यावा म्हणून हाच रस चोळत.

फसगत होते ती एकदांडीशी, जिला कंबरमोडी किंवा दगडीपालाही म्हणतात. ती कोरड्या, मुरमाड जागेतही मजेत वाढते. वीतभर लांब दांडीवर एकच फूल, मध्यभाग पिवळा, फिकट पाकळ्या चार-पाचच आणि त्यांच्या टोकाला तीन दाते. तिच्या बीला पिसारा असतो, ते वाऱ्यावर उडतं. माक्याचं बी काळपट, खडबडीत आणि बिनपिसाऱ्याचं.

पिवळा माका जमिनीलगत रांगतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पान अरुंद, कडेला एखाददुसरा दाता, लांब देठावर सोनेरी फूल. दिसायला तोच देखणा. पण नर्सरीत त्याच्या नावाखाली बऱ्याचदा वेडेलिया मिळतो, आणि इथे मला खरोखर कळकळीनं सांगायचंय. मीही एकदा असंच रोप आणून विहिरीजवळ लावलं. दोन पावसाळ्यांत त्यानं तिथली आघाडा-दूर्वा दाबून टाकली. उपटताना राहिलेला प्रत्येक तुकडा पुन्हा रुजला. हा उष्ण अमेरिकेतला पाहुणा, जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याचं पान चकचकीत, जाडसर आणि बहुधा तीन भागांचं असतं. असं पान दिसलं तर घेऊ नका, फुकट मिळालं तरी.

लावायला दोन्ही सोपे. पांढऱ्याचं बी मातीत पुरू नका. त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवा आणि हलकेच दाबा. किंवा पेरं असलेली फांदी पाण्यात ठेवा, पेऱ्याला मुळं फुटतात. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवलेली या झाडाला चालते, नव्हे, आवडते. मात्र डासांसाठी ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. पिवळ्याच्या दोन-तीन पेऱ्यांच्या फांद्या आडव्या टेकवल्या की झालं. थोडी सावली त्याला सोसते.

पांढऱ्याची खोट एकच, बी धरलं की झाड वाळतं. तेव्हा काढून टाकायची घाई नको. दोन-चार गुच्छ काळे होऊन कुंडीतच गळू द्या, पुढची रोपं तिथेच उगवतील.

रोप आणताना गटाराकाठचं किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचं तेवढं टाळा. बी आणून पहिली पानं घरच्या कुंडीतलीच खुडलेली बरी.